ट्राम म्हातारी होते म्हणजे काय होतं?

मुंबईला जाणाऱ्या पुणेकराच्या तोंडात एक नाव हमखास असतं, दादर टीटी. त्यातलं ‘टीटी’ म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मात्र कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला येऊन थांबली. पुण्यात ट्राम कधी आलीच नाही, म्हणून तिचं जाणंही आपल्याला जवळून दिसलं नाही. पण मार्च २०२२ पासून आपल्याही डोक्यावरून पोलादी रुळांवरची गाडी, म्हणजे मेट्रो, धावते आहे. अशी वाहतूक म्हातारी कशी होते, हे आता आपल्याही कामाचं आहे.

‘तंत्र जुनं झालं म्हणून ट्राम गेली’ हे उत्तर मला पटत नाही. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तेव्हा दबतो, वर आला की पुन्हा फुगतो आणि या दबण्या-फुगण्यात इंजिनाची मेहनत उष्णता होऊन निघून जाते. घाट चढून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा. पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. त्याच्यावरचं टनावारी वजन जेमतेम नाण्याएवढ्या जागेतून रुळावर उतरतं. तेवढंच वजन सपाटीवर पुढे लोटत राहायला टायरच्या गाडीला लागणाऱ्या जोराचा साधारण दहावा हिस्सा ट्रामला पुरतो. दीडशे वर्षांत हे गणित बदललेलं नाही.

झिजतो तो रूळ. त्यातही वाईट हे की एक झीज पुढच्या झिजेला जन्म देते. धावताना चाक किंचित थरथरतं, ठरावीक अंतरावर जरा जास्त घासतं आणि तिथे बारीकसा खळगा पडतो. मागून येणारं चाक त्याच खळग्यात आपटून तो आणखी खोल करतं. काही महिन्यांत रुळाच्या माथ्यावर काही सेंटिमीटरच्या अंतराने लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यावर असतात तशा. मग गाडी घरघरते, डब्याचे नट-बोल्ट ढिले होतात, खालचा पाया हादरतो. वेळच्या वेळी माथा घासून सपाट केला तर हे सारं टळतं. ट्रामचा रूळ तर रस्त्यातच गाडलेला असतो. त्याच्या कडेने पावसाचं पाणी आत शिरतं, वरून गाडी गेली की रूळ खालीवर होतो आणि ते पाणी पिचकारीसारखं खालची माती घेऊन बाहेर पडतं. कडेचं डांबर उखडतं, दुचाकीवाले घसरतात आणि शिव्या ट्रामला बसतात.

न दिसणारी झीज विजेची. कोलकात्याची ट्राम ५५० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालते. तारेतून आलेली वीज मोटर फिरवते आणि रुळांतूनच सबस्टेशनकडे परत जाते. रुळांच्या सांध्यांवर त्यासाठी तांब्याची जोडणी केलेली असते. ती तुटली की वीज सोपी वाट शोधते. ती जमिनीत उतरते, शेजारच्या लोखंडी पाइपात शिरते आणि पाइपातून जिथे बाहेर पडते तिथलं लोखंड विरघळवते. किती विजेने किती धातू विरघळतो हे सांगणाऱ्या मायकेल फॅरेडेच्या नियमाने हिशोब करता येतो. एक अँपिअर, म्हणजे मोबाइलच्या चार्जरमधून वाहतो साधारण तेवढाच प्रवाह, वर्षभर असा गळत राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड गिळतो. तुटलेली एक जोडणी आणि कुणाच्या तरी गल्लीत फुटलेली पाण्याची लाइन! (वनाज–रामवाडी मेट्रो २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर चालते. प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटत असल्याने तिथे हा धोका फार कमी.)

तरीही हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. रूळ बदलता येतो, जोडणी नव्याने करता येते. माझ्या मते खरा घाव वेळापत्रकावर बसतो.

दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटं जातात. दुरुस्तीअभावी निम्म्या गाड्या डेपोत उभ्या राहिल्या की गाडी वीस मिनिटांवर जाते आणि वाट पाहणं दहा मिनिटांवर. समजा, नळ स्टॉपहून डेक्कनला जायचं आहे. प्रवास दहा मिनिटांचा आणि त्यासाठी थांबायचं दहा मिनिटं? माणूस चालत निघतो, नाहीतर दुचाकी काढतो. प्रवासी घटले, उत्पन्न घटलं, दुरुस्तीचा पैसा आटला, आणखी गाड्या उभ्या राहिल्या. हा भोवरा एकदा फिरायला लागला की त्याला वेगळा शत्रू लागत नाही.

त्यात अनियमितपणाची भर. दहा-दहा मिनिटांऐवजी गाड्या एकदा पाचने, एकदा पंधराने येऊ लागल्या, तर कागदावर सरासरी दहाच राहते. पण दर वीस मिनिटांतली पंधरा त्या मोठ्या फटीत जातात, म्हणजे चारांतले तीन प्रवासी तिथेच सापडतात. सरासरी वाट पाच मिनिटांवरून सव्वासहावर जाते. उशिरा आलेल्या गाडीसाठी गर्दी जास्त, चढ-उतारात वेळ जास्त, म्हणून ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी गाडी तिला येऊन चिकटते. बस निदान बाजूने पुढे काढता येते. रुळावरच्या ट्रामला तीही सोय नाही. कुणी रुळावर मोटार लावून दुकानात गेला तर मागची सगळी रांग तिथेच.

कोलकात्यात नेमकं हेच झालं. १८७३ मध्ये तिथे घोड्यांची ट्राम आली, १९०२ मध्ये विजेची. पुढे कित्येक रस्त्यांवर ट्रामची स्वतंत्र पट्टी काँक्रीट करून मोटारींना मोकळी केली गेली. ट्राम कोंडीत अडकली आणि मग तीच कोंडी करते असं ठरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने मैदान–एस्प्लनेड हा वारशाचा तुकडा सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मेलबर्नमध्ये याच्या उलट घडलं. तिथल्या ट्राम मंडळाचे प्रमुख रॉबर्ट रिसन यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत रूळ काँक्रीटमध्ये पक्के बसवून घेतले. ते उखडायला इतका खर्च आला असता की कुणाला तो परवडेना. आज तिथे सुमारे २५० किलोमीटरचं जाळं आहे, जगातलं सर्वांत मोठं. फ्रान्समधल्या नाँत शहराने तर गेलेली ट्राम १९८५ मध्ये परत आणली.

मुंबईत २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीसाठी खोदकाम चालू होतं. डांबराचे थर काढताना खाली ट्रामचे रूळ निघाले. शेवटची ट्राम जाऊन ५३ वर्षं झाली होती. रूळ उखडायचीही तसदी कुणी घेतली नव्हती, वरून डांबर ओतलं होतं, एवढंच.