केसपेपरवरचा ‘व्यवसाय’ हा रकाना

रुग्णालयात केसपेपर काढताना नाव, वय आणि गाव यांच्यानंतर व्यवसाय विचारला जातो, आणि खानदेशातल्या बहुतेक रुग्णांच्या कागदावर त्या जागी ‘शेती’, ‘मजुरी’ किंवा ‘निवृत्त’ एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. कर्करोगाच्या रुग्णासाठी तो फार अपुरा आहे. भुसावळच्या लोकोशेडमध्ये उमेदीची वर्षे काढलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर धाप आणि छातीत साठलेले पाणी घेऊन येतो, तेव्हा तो निवृत्तच असतो. पण वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरभोवतीचे उष्णतारोधक आवरण काढताना अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाची धूळ त्याच्या श्वासात गेली असेल, तर त्या आजाराचे मूळ चाळीस-पन्नास वर्षे मागे असू शकते.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की कर्करोग आहे का आणि कोणत्या प्रकारचा आहे हे समजते, मात्र तो कशामुळे झाला हे सहसा समजत नाही. विडीने झालेला फुप्फुसाचा कर्करोग आणि डिझेलच्या धुराने झालेला कर्करोग काचपट्टीवर वेगळे ओळखता येत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग मोठा अपवाद आहे, कारण तो निदान झाल्याबरोबर अ‍ॅस्बेस्टॉसचा संशय घ्यायला लावतो. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 33 रुग्ण नोंदवून हा संबंध दाखवला. इतर बहुतेक कर्करोगांत कारण शोधायचे तर रुग्णाच्या कामाचा इतिहासच विचारावा लागतो. त्यात काळाचे अंतर मोठा अडथळा ठरते. बेंझिन या रसायनामुळे होणारा रक्ताचा कर्करोग काही वर्षांतही दिसू शकतो, पण गाठीच्या स्वरूपातले कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षे घेतात, आणि तोवर कारखाना बंद पडलेला असतो किंवा कामगार गाव सोडून सुरत-मुंबईला गेलेला असतो.

आजवर जे धागे सापडले, ते बहुतेक एखाद्या डॉक्टरला काहीतरी खटकले म्हणून सापडले. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या त्वचेवरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तर 1895 मध्ये जर्मनीत लुडविग रेन यांना रंगद्रव्ये बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी दिसल्या. मला सर्वांत बोधप्रद वाटते ती जपानमधील ओसाकाची घटना. पित्तनलिकेचा कर्करोग सहसा उतारवयात होतो. तिथे तो एकाच छापखान्यातल्या तरुण कामगारांना होऊ लागला होता. शाई पुसण्यासाठी कोंदट खोलीत वापरल्या जाणाऱ्या द्रावकांपर्यंत माग पोहोचला, आणि 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांपैकी 1,2-डायक्लोरोप्रोपेन हे द्रावक माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवले. अवेळी वय, दुर्मिळ आजार आणि एकच कामाची जागा या तीन गोष्टी जुळल्या नसत्या, तर प्रत्येक रुग्ण आपापल्या घरी दुर्दैवी ठरून विसरला गेला असता.

जळगावच्या वाचकाला 1974 ची अमेरिकेतील केंटकीची घटना जवळची वाटेल, कारण जळगावात पीव्हीसी या प्लास्टिकचे पाइप बनतात आणि तिथला विषयही पीव्हीसीचाच होता. कारखान्याच्या डॉक्टरांना तीन कामगारांत यकृताचा अँजिओसार्कोमा हा अतिशय दुर्मिळ कर्करोग आढळला, आणि त्याचे कारण व्हिनाइल क्लोराइड हा वायू निघाला. मात्र एक फरक नीट समजून घ्यावा. तो धोका या वायूपासून पीव्हीसीची पावडर तयार करणाऱ्या टाक्यांपाशी होता. तयार पावडर वितळवून पाइप ओढणाऱ्या कामगाराचा त्या वायूशी संपर्क फारच थोडा असतो. म्हणून ‘प्लास्टिकच्या कंपनीत होता’ एवढ्यावर निष्कर्ष काढणे चूक आहे. तो नेमका कोणत्या यंत्रावर होता, हे विचारले पाहिजे.

आपल्याकडे तपास बहुधा तंबाखूपाशी थांबतो. तंबाखू घातक आहे यात शंका नाही, पण ती दुसऱ्या कारणाला खोटे ठरवत नाही. अमेरिकेतील अ‍ॅस्बेस्टॉस बसवणाऱ्या कामगारांच्या 1979 च्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका, दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत, केवळ अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे 5 पट, केवळ धूम्रपानाने सुमारे 11 पट, आणि दोन्ही असलेल्यांत 50 पटींहून अधिक आढळला. विडी ओढणाऱ्या कामगाराला तर कामाविषयी अधिक बारकाईने विचारायला हवे. धुळ्याच्या महामार्गालगतच्या गॅरेजमधला मिस्त्री, लाकडाच्या भुशात राबलेला आणि नाकातून वारंवार रक्त येणारा सुतार, लघवीतून रक्त जाणारा रंगारी, या सर्वांची कामे आज निश्चित कर्करोगकारक मानलेल्या घटकांशी जोडलेली आहेत. डिझेलच्या धुराला ते स्थान 2012 मध्ये मिळाले.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य कर्करोगाचा समावेश झाला, आणि अशा आजाराची माहिती कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवण्याचे बंधन उपचार करणाऱ्या डॉक्टरवर घातले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. पण ठेकेदाराच्या हाताखाली राबलेल्या माणसाकडे अनेकदा हजेरीपत्रकावरचे नावही नसते. अशा वेळी जुना गेटपास, भविष्यनिर्वाह निधीची पावती किंवा सोबत काम केलेल्या दोघांची साक्ष हाच पुरावा उरतो, आणि माणूस बोलता आहे तोवरच तो गोळा करता येतो.

कोणते काम केले हा प्रश्न रुग्णाला अहिराणीत किंवा लेवा बोलीत विचारला, तर उत्तर लांबलचक आणि तपशीलवार मिळते: पहिले काम कोणते, हाताला काय लागायचे, धूळ उडायची का, खोलीला खिडकी होती का, फवारणीच्या औषधाचे नाव आठवत नसेल तर डबा कसा होता. रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेल्या स्त्रीला आणखी एक प्रश्न विचारावा. लंडनमध्ये 1965 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाच्या काही रुग्णांनी स्वतः कारखान्यात कधीच काम केलेले नव्हते; त्यांच्या घरी अ‍ॅस्बेस्टॉसचा कामगार राहत होता आणि त्याचे धुळीचे कपडे घरीच धुतले जात. म्हणून तिचा नवरा कोणत्या कामावर होता आणि कामावरचे कपडे कोण धूत असे, हेही कागदावर यायला हवे.