दंतोपचारातील मुलांची भीती

दातांवर उपचार करून घेताना मुलांना वाटणारी धास्ती ओळखणे आणि त्यांच्याच सहकार्याने उपचार पार पाडणे, हा बालदंतवैद्यकाचा महत्त्वाचा भाग आहे. त्याला वर्तन-मार्गदर्शन म्हणतात. आजची दाढ भरून झाली, पण पुढच्या वेळी मूल दारातच रडू लागले, तर काम अर्धवटच राहिले असे म्हणावे लागते.

खुर्चीत आडवे झालेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. डोळ्यांवर दिवा, तोंडावर मास्क लावलेला अनोळखी चेहरा, कानाशी ड्रिलचा आवाज, आणि तोंड उघडे असल्याने ‘थांबा’ म्हणायचीही सोय नाही. अगदी लहान मुलांना आईबाबांपासून दूर होण्याचीच भीती जास्त असते. शाळकरी मुलांना सुईची आणि आधी दुखल्याच्या आठवणीची. मोठ्यांची स्वतःची भीतीही त्यांच्यात उतरते. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरात सहज दिली जाते, आणि तिची किंमत मूल खुर्चीत बसून मोजते.

सर्वांत रुळलेली पद्धत ‘सांगा-दाखवा-करा’ ही होय. हॅरोल्ड ॲडलस्टन यांनी ती 1959 मध्ये मांडली. दात घासून स्वच्छ करणारा फिरता ब्रश आधी शब्दांत सांगायचा, मग मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा. गुदगुल्या झाल्या की हात मागे जातो, पुन्हा पुढे येतो. त्यानंतरच ब्रश दाताला लावायचा, तोही जसा सांगितला तसाच. सांगितले एक आणि केले भलतेच, तर पद्धतीचा सगळा जोर संपतो. म्हणूनच ‘अजिबात दुखणार नाही’ हे आश्वासन घातक आहे. ‘थोडं टोचल्यासारखं वाटेल, मी पाचपर्यंत मोजते’ हे खरे असते, म्हणून मुलाला ते पेलवते.

याच्या जोडीला हाताची खूण असते: मुलाने डावा हात वर केला की डॉक्टरने थांबायचे. सुरुवातीला मूल उगाचच दोन-तीनदा हात वर करते. ते खात्री करून घेत असते. तेव्हा खरोखर थांबले, तर पुढे हात क्वचितच वर जातो. ‘झालंच आता’ म्हणत काम पुढे रेटले, तर खूण ठरवली नसती तर बरे, अशी गत होते.

लक्ष दुसरीकडे वळवणे, धीट भावंडाचा उपचार पाहू देणे, नेमके कौतुक करणे हेही उपयोगी पडते. मूल किती सहकार्य करते हे नोंदवायला 1962 पासूनची फ्रँकल श्रेणी वापरतात. तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, अशी शिफारस आहे. दात दुखत नसताना, नुसती तपासणी करून परतलेले मूल ती जागा वेगळ्याच नजरेने लक्षात ठेवते.

एवढ्याने न भागल्यास नाकावाटे नायट्रस ऑक्साइड (भीती कमी करणारा वायू) आणि ऑक्सिजनचे मिश्रण देतात. मूल जागे राहते, बोललेले त्याला कळते. शेवटी काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतात. फार लहान मूल किंवा बरेच दात किडलेले असतील, तर पूर्ण भुलीचा पर्याय असतो. काही किडींवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे औषध लावून ड्रिल टाळता येते, मात्र किडलेला भाग काळा पडतो. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबण्याची जुनी रीत अमेरिकन बालदंतवैद्यक अकादमीने 2006 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. ती त्याआधीच जायला हवी होती.

इंजेक्शननंतर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. मुलाला त्याची गंमत वाटते आणि ते ओठ चावत बसते. भूल उतरल्यावर तिथे मोठी जखम दिसते. त्यामुळे बधिरपणा जाईपर्यंत चावून खायला देऊ नये, आणि ओठाला काय वाटणार आहे हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.