ॲस्पिरेशन न्यूमोनिया, जिवाणुजन्य

घशातील लाळ, अन्नाचा घास किंवा जठरातून उलटून वर आलेला द्रव श्वासनलिकेत उतरल्यामुळे, त्यासोबत गेलेल्या जिवाणूंनी फुप्फुसात होणारा संसर्ग. पक्षाघात, पार्किन्सनचा आजार, स्मृतिभ्रंश, अपस्माराचे झटके आणि मद्याची धुंदी ही त्याची नेहमीची पार्श्वभूमी होय. गाढ झोपेत निरोगी माणसाच्याही घशातील स्राव थोडाफार खाली उतरतो. १९७८ मधील एका अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ४५ टक्क्यांत असे आढळले. त्यामुळे स्राव उतरणे म्हणजेच रोग नव्हे. तोंडात जिवाणू किती वाढले आहेत आणि रुग्णाला खोकून ते बाहेर टाकता येतात की नाही, यांवर पुढचे सारे ठरते.

जठरातील आम्लाने होणारा रासायनिक दाह यापासून वेगळा मानतात. प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथील ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदींतून, भुलीखाली जठरातील द्रव फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणे मांडली. मात्र ही कल्पना त्याहून जुनी आहे. १८४८ मध्ये क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावलेल्या एका मुलीचा मृत्यू तिच्या तोंडात घातलेल्या पाणी व ब्रँडीमुळे गुदमरून झाला, असे भुलीसाठी क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी प्रतिपादन केले होते. ते सर्वमान्य झाले नाही.

कारणीभूत जिवाणूंविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५४ रुग्णांच्या अभ्यासात, गळ्यातून थेट श्वासनलिकेत सुई घालून वा अशाच थेट मार्गांनी घेतलेल्या नमुन्यांतून सुमारे ९३ टक्के रुग्णांत ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू सापडले आणि त्यांवरील प्रतिजैविके देण्याची प्रथा रूढ झाली. परंतु त्या काळच्या अशा अभ्यासांत आजार बराच पुढे गेलेले, फुप्फुसात गळू झालेले रुग्ण बरेच होते. शुश्रूषागृहांतील वृद्धांच्या २००३ मधील अभ्यासात आतड्यातील ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणारे) जिवाणू ४९ टक्के, तर ऑक्सिजनविना वाढणारे १६ टक्केच निघाले. अमेरिकी वक्षरोग व संसर्गरोग संघटनांनी २०१९ मध्ये, गळू किंवा फुप्फुसावरणात पू झाल्याची शंका नसल्यास या जिवाणूंसाठी वेगळे औषध देऊ नये, अशी शिफारस केली. उपलब्ध पुरावा पाहता हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

निश्चित निदान करणारी एकच चाचणी नाही. गिळताना ठसका लागल्याचा किंवा शुद्ध हरपल्याचा इतिहास, ताप, धाप, आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसाच्या, रुग्णाच्या स्थितीनुसार खाली येणाऱ्या भागांत दिसणारी छाया यांवरून ते करतात. पडून असलेल्या रुग्णात वरच्या खंडाचा मागील व खालच्या खंडाचा वरचा भाग, तर बसलेल्या रुग्णात तळाचे भाग बाधतात. उजवी श्वासनलिका रुंद व अधिक सरळ असल्याने उजवी बाजू अधिक. पडून असलेल्या रुग्णात बाधणारे हे भाग क्षयालाही प्रिय असल्यामुळे भारतात थुंकीची क्षयासाठी तपासणी आवश्यक ठरते. मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके क्षय काही काळ झाकून टाकतात, म्हणून ती जपून वापरावीत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मधुमेही रुग्णात मेलिऑयडोसिस या माती-पाण्यातील जिवाणूंमुळे होणाऱ्या संसर्गाचाही विचार करावा लागतो. पक्षाघाताच्या काही रुग्णांना घास चुकीच्या मार्गाने गेला तरी ठसका लागत नाही, म्हणून ठसका नसल्याने निर्धास्त राहता येत नाही.

उपचारात ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टम, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किंवा सेफ्ट्रिॲक्सोन साधारणतः ५ ते ७ दिवस देतात. गळू असल्यास कित्येक आठवडे. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंवरील मेट्रोनिडाझोल एकटे दिल्याने भागत नाही. केवळ रासायनिक दाहात प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविके देण्याने लाभ दिसलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ११ टक्के लोकसंख्या साठीपुढची होती, त्यामुळे घरच्या शुश्रूषेचा प्रश्न येथे मोठा आहे. गोव्यात आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेज देतात. ज्याला गिळताना त्रास होतो त्याला ती तशीच देणे धोक्याचे, कारण पातळ निवळ घशात चटकन उतरते आणि शिते मागे राहतात. पेज घोटून एकसारखी दाट करावी, रुग्णाला ताठ बसवून लहान चमच्याने भरवावी आणि जेवणानंतरही काही वेळ बसवून ठेवावे. दाट आहाराने ठसका कमी होत असला तरी न्यूमोनिया टळतो याला पुरावा तोकडा आहे. दात व जीभ रोज स्वच्छ करण्याला तो अधिक भक्कम असून जपानमधील शुश्रूषागृहांच्या १९९९ मधील अभ्यासात त्यामुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटले. नाकातून नळी घातल्यानेही धोका संपत नाही, कारण लाळ खाली उतरणे व जठरातील द्रव वर येणे चालूच राहते.