'अनिर्बंध' किती अनिर्बंध? टीव्हीवरच्या अश्लीलतेच्या नियमांची पार्श्वभूमी

टीव्हीवर काय दाखवू नये याचा नियम आपल्याकडे १९९४ साली लिहिला गेला, आणि तो लिहिताना सरकारच्या डोळ्यांसमोर होता केबलवाला. गच्चीवर डिश, एका खोलीत दोन-चार रिसीव्हर आणि एक व्हीसीआर, तिथून चाळीच्या गॅलऱ्यांमधून लोंबत गेलेल्या वायरी. १९९१च्या आखाती युद्धानंतर हे जाळे इतक्या झपाट्याने पसरले की सरकारला आधी वटहुकूम काढावा लागला आणि १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. कार्यक्रम परदेशातून यायचे, वाहिन्यांची कार्यालये हाँगकाँगला, त्यामुळे कायद्याच्या हाताला लागला तो गल्लीतला केबलवाला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, तोही त्यालाच.

या नियमांतल्या कार्यक्रम संहितेतली, म्हणजे काय दाखवू नये त्या यादीतली, भाषा मात्र नवी नव्हती. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म वा समुदायांवर हल्ला नको, अश्लील आणि बदनामीकारक काही नको, ही यादी आकाशवाणीच्या जुन्या संहितेतून जवळपास उचलली आहे. आकाशवाणी सरकारचीच होती. तिथे अशी यादी म्हणजे नोकरांना दिलेली सूचना होती, खासगी वाहिन्यांच्या बाबतीत तीच यादी फौजदारी कायदा झाली. तेव्हाही अभिरुचीचे ओझे सरकारने हौसेने वाहिलेच होते. १९५२ मध्ये एका मराठी माहिती मंत्र्याच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले आणि १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू करून सरकारने माघार घेतली. नव्या संहितेतही स्त्रियांचे 'संयमी' आणि चारित्र्यसंपन्न नेतृत्व दाखवण्याचा प्रयत्न केबलवाल्याने करावा, असे एक कलम आहे. वायर ओढणाऱ्या माणसाने ते कसे साधायचे, हे तिथे लिहिलेले नाही.

खरा घोळ दुसऱ्या एका कलमात आहे. 'अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य नाही' असे काहीही केबलवरून जाऊ नये, असे संहिता म्हणते, आणि 'अनिर्बंध'चा अर्थ १९५२च्या चित्रपट कायद्यातून घ्या, असेही सांगते. त्या कायद्यात 'यू' प्रमाणपत्र म्हणजे अनिर्बंध आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. पण १९८३ पासून 'यूए' नावाचा मधला वर्ग आहे. २०२३च्या दुरुस्तीपर्यंत तो बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारा होता, तरीही कायद्याच्या दृष्टीने अनिर्बंधच. थिएटरात या सूचनेला अर्थ असतो, कारण मुलाला सोबत कोण नेतो ते ठरलेले असते. दिवाणखान्यात रिमोट कोणाच्या हातात आहे, हे कायद्याला कसे कळणार?

२००४ मध्ये मुंबईतल्या एका महाविद्यालयीन प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. इंग्रजी चित्रपटांच्या वाहिन्या भारतीय प्रमाणपत्र नसलेले चित्रपट सर्रास दाखवत होत्या, ही तिची तक्रार होती आणि कायद्याच्या शब्दांत ती चूक नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने अनिर्बंध प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नसलेले चित्रपट केबलवरून दाखवायला मनाई केली. २ ऑगस्ट २००६ रोजी केंद्राने नियमातच परंतुक, म्हणजे जोडअट, घातले: चित्रपट, त्यातले गाणे, ट्रेलर, म्युझिक व्हिडिओ, देशी असो वा परदेशी, अनिर्बंध प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नसेल तर केबलवर जाणार नाही. त्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी केबल वितरकांवर छापे घातले, यंत्रे उचलली आणि धास्तावलेल्या केबलवाल्यांनी चित्रपटांच्या वाहिन्याच बंद करून टाकल्या. 'यू' आणि 'यूए'च दाखवू अशा हमीवर त्या परतल्या. कार्यक्रम निवडणारे एकीकडे, यंत्र जप्त झाले दुसऱ्याचे. या प्रकरणाची आठवण 'मुंबईत सिनेमे बंद पडले' एवढीच राहिली, पण आज टीव्हीवर दिसणाऱ्या प्रत्येक परदेशी चित्रपटाचा आकार इथे ठरला. 'ए' चित्रपट कापून 'यूए' करून घेणे हे वाहिन्यांचे नेहमीचे काम झाले. पात्राचे ओठ हलतात, आवाज जातो आणि खालच्या उपशीर्षकात तारका दिसतात, त्याचे मूळ या कलमात आहे.

निदान 'यूए' म्हणजे सुरक्षित, असे वाहिन्यांनी धरले. तेही फार टिकले नाही. एप्रिल २०१२ मध्ये एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात पन्नासहून अधिक काटछाटी करून, टीव्हीसाठी 'यूए' मिळवून, रविवारी दुपारी आणि रात्री आठला त्याचे प्रसारण जाहीर झाले. ऐनवेळी माहिती व प्रसारण मंत्रालयाने कळवले की रात्री ११ नंतर दाखवा. वाहिनीने प्रसारणच मागे घेतले. मंत्रालयाला आधार होता तो संहितेतल्या आणखी एका वाक्याचा: मुलांना अयोग्य कार्यक्रम सर्वाधिक मुले टीव्ही पाहत असतात त्या वेळी नकोत. ही वेळ कोणती, ते नियमात नाही. म्हणजे प्रमाणपत्राने अनिर्बंध असलेला चित्रपट घड्याळाने बांधला गेला, आणि घड्याळ मंत्रालयाच्या हातात. २०१० मध्ये एका रिअ‍ॅलिटी शोलाही असेच ११ नंतर ढकलले होते, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली होती.

वाहिन्यांवर थेट कारवाई २००७ पासून ठळक झाली. परवान्याच्या अटींमुळे आता केबलवाल्याला मध्ये घ्यायची गरज उरली नव्हती. त्या वर्षी जगभरातल्या 'मादक' जाहिराती दाखवणारी एक वाहिनी आणि फॅशनची एक वाहिनी, दोघींना प्रत्येकी दोन महिन्यांची बंदी झाली. वाहिन्यांच्या संघटनेने २०११ मध्ये स्वतःची तक्रार परिषद काढून रात्री ११ ते पहाटे ५ हा वेळ 'मर्यादित' मजकुरासाठी राखला. तरी २०१७ मध्ये कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ मध्येच दाखवा, असा सल्ला मंत्रालयाकडून आलाच. पुढे तो फक्त लैंगिकदृष्ट्या भडक जाहिरातींपुरता आहे, असा खुलासा झाला.

२०२१ मध्ये डिजिटल माध्यमांना आचारसंहिता लावताना बातम्यांच्या संकेतस्थळांसाठी केबलचीच संहिता पुढे केली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये या आचारसंहितेचे मुख्य उपनियम स्थगित केले. नव्या प्रसारण विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, तो अजून मार्गी लागलेला नाही. केबल कायद्यातली कैद मात्र २०२३ मध्ये गेली, आता दंड आणि समज आहे. त्याच वर्षी चित्रपट कायद्यातल्या दुरुस्तीने 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन तुकडे झाले, आणि 'ए' चित्रपटाला टीव्हीसाठी वेगळे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार चित्रपट प्रमाणन मंडळाला (सेन्सॉर बोर्डाला) मिळाला. वयाची खूण पाळायची की नाही हे पालकांनीच ठरवायचे, इतर कोणी ती लादू शकत नाही, असेही तिथे नमूद आहे. तेव्हा कायद्याच्या लेखी १६ वर्षांची खूण असलेला चित्रपटही अनिर्बंधच ठरतो, आणि तो दुपारी दाखवायचा की रात्री ११ नंतर, याचे उत्तर अजून संहितेत नाही.