हार्वेस्टर एकरी किती खातं?

सोयाबीन निघाल्यावर परतीचा एखादा पाऊस झाला की आठ दिवसांत रानात हिरवे पट्टे उठतात. हार्वेस्टर जिथून गेलं त्या वाटेच्या मधोमध, दोन-अडीच हात रुंद, अगदी दाट. ते बघून "हार्वेस्टरनं एकरी पोतं खाल्लं" असं बोललं जातं. दुसरीकडे मोबाईलवर परदेशातल्या अजस्र यंत्रांचे व्हिडिओ फिरतात आणि तसलं यंत्र आपल्याकडे आलं तर दाणा सांडणारच नाही, असं वाटू लागतं. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दाणा यंत्रात नेमका कुठे सांडतो हे कळलं की दोन्हींचा उलगडा होतो.

ती अजस्र यंत्रं किती मोठी आहेत ते आधी पाहू. १९४० च्या दशकात गाजलेलं मॅसी-हॅरिस २१ हे स्वतःच्या इंजिनावर चालणारं कंबाईन (हार्वेस्टरचंच दुसरं नाव) १२ ते १४ फूट रुंदीचं पीक कापायचं. मराठवाड्यात आज फिरणारी बहुतेक हार्वेस्टरही १४ फुटांच्या, म्हणजे सव्वाचार मीटरच्या आसपासच आहेत. न्यू हॉलंड कंपनीच्या सीआर १०.९० या कंबाईनने ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये ८ तासांत ७९७ टनांहून जास्त गहू काढला. २०२३ मध्ये त्याच कंपनीने दाखवलेल्या सीआर ११ ची ताकद ७७५ अश्वशक्ती आणि धान्याची टाकी २०,००० लिटरची आहे.

एवढी वाढ कशासाठी? पीक कापायला काही फार जोर लागत नाही, लांब कटर बसवला की काम झालं. अडचण असते ती पोटात. पीक आधी ड्रम आणि त्याखालच्या जाळीत मळलं जातं. बहुतांश दाणा तिथेच जाळीतून खाली पडतो. उरलेला, समजा १५ टक्के, भुसकटात अडकून मागे जातो. तिथे वॉकर असतात: दात्यांच्या लांब पट्ट्या, मिनिटाला सुमारे २०० फेऱ्यांनी वरखाली हलणाऱ्या. सुपात धान्य घोळवावं तसं त्या भुसकट उधळतात, आणि दाणा थरातून वाट काढत खाली येतो.

आता हा हिशेब बघा. वॉकरच्या दर मीटरला उरलेल्यापैकी निम्मा दाणा खाली पडतो असं धरू. चार मीटरनंतर सोळावा हिस्सा उरतो, म्हणजे १५ टक्क्यांतला एक टक्क्याहूनही कमी वाया जातो. चालकाने वेग वाढवला, भुसकटाचा थर जाड झाला, आणि दर मीटरला निम्म्याऐवजी फक्त तिसरा हिस्सा पडू लागला, तर चार मीटरनंतर पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. नुकसान थेट तीन टक्क्यांवर! इंजिन दमलेलं नाही, आवाज बदललेला नाही, पण गळ तिप्पट झाली. हार्वेस्टरची खरी क्षमता इंजिनाच्या अश्वशक्तीवर नाही, थराच्या या जाडीवर ठरते. थर पातळ ठेवायचा तर यंत्राचं पोट रुंद हवं, आणि पोट रुंद केलं तर यंत्र रस्त्यावर मावत नाही. कटर सोडवून गाड्यावर लांबीत ठेवून मागून ओढत नेता येतो, पोट सोडवता येत नाही.

यातून वाट काढली रोटरने. न्यू हॉलंडने १९७५ मध्ये आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९७७ मध्ये रोटरवाली यंत्रं बाजारात आणली. यात भुसकट उधळायचं नाही, तर गोल जाळीच्या आत लांब रोटरभोवती गरगर फिरवायचं. ६० सेंटीमीटर व्यासाच्या रोटरभोवती पीक सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरलं, तर दाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या वीस पटीहून जास्त जोर बाहेरच्या दिशेने लागतो. वॉकरवर दाणा स्वतःच्या वजनाने पडण्याची वाट पाहतो, इथे तो जाळीबाहेर फेकला जातो. म्हणून तेवढ्याच रुंदीच्या पोटातून कितीतरी जास्त पीक जाऊ शकतं. इंधन मात्र जास्त लागतं, आणि भुसकटाचा चुरा होतो.

पण हे सगळं झालं गव्हासाठी, जिथे काडाचा डोंगर पोटातून न्यायचा असतो. सोयाबीन काढणीला येतं तेव्हा पानं गळून गेलेली असतात, काड थोडं असतं, वॉकरवर फारसा भार नसतो. सोयाबीनची बहुतेक गळ पुढे, कटर आणि रील (उभं पीक कटरकडे ओढणारा फिरता सांगाडा) यांच्यापाशी होते. कापलेल्या रानात वाकून धसकटं पाहा. खालची शेंग जमिनीपासून चार बोटांवर असते आणि कटर सहा बोटांवरून गेलेला असतो. शेंग धसकटालाच राहते, नाहीतर मधोमध कापली जाऊन खालच्या अर्ध्यात एक दाणा अडकलेला दिसतो. रील यंत्राच्या वेगापेक्षा फार जोरात फिरत असेल तर तिच्या माराने वाळलेल्या शेंगा जागेवरच फुटतात. रीलचा वेग यंत्राच्या वेगाच्या सव्वापटीपर्यंतच ठेवावा, आणि यंत्र ताशी ३ ते ४ किलोमीटरने चालवावं.

पुढची गळ सव्वाचार मीटरभर पसरते, म्हणून नजरेत भरत नाही. मागची गळ मीटरभर पट्ट्यात पडते, म्हणून हिरवी होऊन डोळ्यांत भरते. मोजायचं असेल तर तारेची एक फूट बाय एक फूट चौकट करा. १०० दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर चौरस फुटात एक दाणा म्हणजे एकरी सव्वापाच किलो.

चालत्या कामात यंत्र थांबवा, चार-पाच मीटर मागे घ्या आणि तीन ठिकाणी मोजा. उभ्या पिकात, कटर आणि उभं पीक यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, आणि यंत्रामागच्या पट्ट्यात भुसकट बाजूला सारून. दर ठिकाणी चार-पाच वेळा चौकट टाकून सरासरी काढा. समजा १, ६ आणि १४ दाणे आले. एक दाणा यंत्र येण्याआधीच गळलेला. पुढची गळ ६ वजा १, म्हणजे ५ दाणे, एकरी २६ किलो. मागचे ८ दाणे (१४ वजा ६) पूर्ण रुंदीवर पसरायचे, म्हणून त्यांना चाराने भागा: २ दाणे, एकरी साडेदहा किलो. १४ दाण्यांचा पट्टा बघून लोक चालकाला वॉकरवरून बोलतात, आणि अडीचपट नुकसान करणारा कटर तसाच उंच राहतो.

उभ्या पिकातलाच आकडा मोठा आला तर दोष यंत्राचा नाही, उशिराचा आहे. पिकलेली शेंग भिजून पुन्हा वाळली की तिच्या दोन पाकळ्या पीळ खातात आणि ती तडकते. अमावास्येला काढणी सुरू करायची नाही म्हणून तयार पीक दोन दिवस उन्हात उभं ठेवणं ही अंधश्रद्धा आहे, आणि तिची किंमत याच चौकटीत मोजता येते. दाण्यात १३ ते १५ टक्के ओल असताना काढणी उरकावी. सकाळी दवात शेंग चिवट असते, नीट मळत नाही. भर दुपारी ती हात लागताच फुटते. म्हणून एका दिवसातही यंत्राची मांडणी दोनदा बदलावी लागते.

बियाण्यासाठी ड्रमच्या फेऱ्या मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा असं सांगितलं जातं, पण तो आकडा ड्रमच्या व्यासाशी बांधलेला असतो. ६० सेंटीमीटरच्या ड्रमला ४०० फेऱ्यांत कडेचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर येतो, ७६ सेंटीमीटरच्या ड्रमला जवळपास १६. सोयाबीनचा कोंब पातळ सालीच्या लगेच खाली असतो. दाणा वरून अखंड दिसतो, पण मार बसला असेल तर उगवत नाही.

वाणाचाही भाग आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस १६२ हा सोयाबीनचा वाण सरळ वाढणारा आणि यंत्राने काढायला योग्य आहे. हरभऱ्यात फुले विक्रम उंच वाढतो. पण सोयाबीन-तूर ४:२ पेरलं असेल तर सोयाबीनच्या ४५ सेंटीमीटरच्या चार ओळी म्हणजे जेमतेम १.८ मीटर. दोन्हीकडे तूर उभी असताना तिथे १४ फुटी यंत्रही शिरत नाही.

आणि वजन. मोठं कंबाईन रिकामंच वीस टनांच्या घरात असतं. २०,००० लिटर गहू भरला की त्यात आणखी १५ टन पडतात. रुंद टायर किंवा चाकांऐवजी पट्टे (ट्रॅक) लावले तर वरचा थर वाचतो. पण खोलवरची दाबणी आसावर किती भार आहे यावर ठरते, आणि ती नांगराच्या खाली बसते. ओल्या काळ्या जमिनीत आपलं आठ टनांचं हार्वेस्टरही कमी नाही. यंत्र रानात घालण्याआधी वीतभर खालची माती काढून तळहातावर वळा. वळी झाली तर त्या दिवशी थांबा. थांबणं शक्यच नसेल तर टाकी अर्धी झाली की बांधावर रिकामी करा, आणि दर वेळी जाण्यायेण्याची वाट एकच ठेवा.