मावशीच्या कोनाड्यातल्या दोन डब्या

निपाणीत माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या कोनाड्यात दोन डब्या असतात. एकीत हळद, दुसरीत तंबाखूची मिश्री. रात्री झोपताना हळद घातलेलं दूध, सकाळी उठल्या उठल्या दातांना मिश्री. आयुष्यभर विड्या वळल्यामुळं तंबाखूचा वास तिला येईनासा झालाय. आमच्या नाकात मात्र तो गल्लीच्या तोंडाशीच बसतो. गेल्या दिवाळीत तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं होतं. "हळदीनं कॅन्सरचा जीन बंद पडतोय म्हणं. खरं काय रं?"

या निरोपात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो खोडून काढायला अवघड.

जीन बंद पडतो म्हणजे काय, ते बेळगावच्या वडगाव-खासबागेतल्या मागवाल्यांना लवकर कळेल. त्यांच्याकडं सूत मोकळं ठेवत नाहीत, कांडीवर गुंडाळतात. आपल्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा असाच हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो. या धाग्याचा सूचना लिहिलेला एकेक तुकडा म्हणजे जीन. जिथं गुंडाळी सैल, तिथला जीन पेशीला वाचता येतो; जिथं ती घट्ट, तिथला जीन असून नसल्यासारखा. यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांच्यातला धागा एकच, सैल-घट्ट जागा तेवढ्या निराळ्या. कांडीवर अ‍ॅसिटिल नावाचे रासायनिक गट चिकटले की गुंडाळी सैलावते आणि एचडॅक नावाची विकरं ते गट काढून ती पुन्हा आवळतात. खुद्द धाग्यावर मिथिल गट बसले, तर बहुतेक वेळा त्या जीनला कुलूपच लागतं. धाग्यातलं एक अक्षरही न बदलता हे सगळं चालतं. या विषयाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हे नाव कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली दिलं.

कर्करोगात ही कुलपं भलत्या ठिकाणी लागतात. पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारा पी-१६ नावाचा जीन आहे. अनेक गाठींमध्ये तो धडधाकट असतो, फक्त मिथिलखाली दबलेला. कुलूप आहे म्हटल्यावर ते उघडताही येईल, हा विचार काही हवेतला नाही. अमेरिकेत २००४ मध्ये अ‍ॅझासिटिडिन आणि २००६ मध्ये व्होरिनोस्टॅट ही औषधं याच तत्त्वावर मंजूर झाली. पहिलं मिथिल बसू देत नाही, दुसरं एचडॅकला अडवतं. मग हेच काम ताटातल्या भाजीनं केलं तर?

बेळगाव तालुक्यातला कोबी गाड्या भरून गोव्याला जातो. तो चिरताना येणारा उग्र वास हीच या गोष्टीची सुरुवात. कोबीच्या कुळातल्या भाज्यांमध्ये गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. विळी फिरली की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत रसायनं तयार होतात. त्यांतलं सल्फोराफेन सर्वांत गाजलेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटानं १९९२ साली ते ब्रोकोलीतून वेगळं केलं. कोबीत ते असतं, पण ब्रोकोलीइतकं नाही. हे सल्फोराफेन प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एचडॅकला अडवतं. माणसांत? २००७ साली तिघा निरोगी माणसांना ब्रोकोलीचे ६८ ग्रॅम मोड खायला दिले, तेव्हा त्यांच्या रक्तपेशींतलं एचडॅकचं काम काही तास मंदावलं. किती जण? तिघं. सत्यनारायणाला याहून जास्त माणसं जमतात. तरी निरीक्षण खोटं नाही, आणि मला ते मोलाचंही वाटतं. फक्त त्यात कुणाचा कर्करोग बरा झालेला नव्हता.

स्वयंपाकापुरती एक गंमत सांगतो. उष्णतेनं मायरोसिनेज मरतं, म्हणून कोबी चिरून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला आणि मग शिजवला तर रसायन आधीच तयार झालेलं असतं. कच्च्या मोहरीतही हेच विकर असतं. मोहरी फेसताना ती नाकात चढते ती याच रसायनशास्त्रानं. फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही; कोशिंबिरीत फेसून घातलेल्या मोहरीत उरतं.

आता मावशीची हळद. रायबाग-चिकोडीकडची हळद सांगलीच्या बाजारात जाते, त्यामुळं हिशेब आमच्याच तराजूवर करू. हळदीला पिवळा रंग देणारं, आणि जिचा एवढा गाजावाजा होतो ते रसायन म्हणजे कुरकुमिन. हळदीत ते साधारण ३ टक्के. दुधात घातलेला लहान चमचा ३ ग्रॅमचा धरला, तर कुरकुमिन झालं जेमतेम ०.१ ग्रॅम. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांना शुद्ध कुरकुमिन २ ग्रॅम दिलं होतं, म्हणजे वीसएक चमचे हळद. तरीही रक्तात ते सापडलं नाही, किंवा सापडलं ते अगदी नाममात्र. सोबत मिऱ्यातलं पायपरिन दिल्यावर ते २० पट वाढलं. 'हळदीत मिरी घाला' हा सल्ला तिथूनच पसरला. पण नगण्याचे वीस पट किती होणार? प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर कुरकुमिन ओतलं की जीन हलतात, मिथिल हलतात, जवळजवळ सगळंच हलतं. तेवढी मात्रा रक्तात कधी पोचत नाही. पोचवायला म्हणून दाट अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींचं यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना तर आणखी जपावं. हिरव्या चहातला एक घटक बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधालाच चिकटून ते निकामी करतो, हे उंदरांमध्ये दिसलंय.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात सर्वांत भरवशाची गोष्ट दिसायला सर्वांत साधी आहे: अथणीकडची कडक भाकरी. ज्वारीत १०० ग्रॅममागं सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. ते आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतात, आणि ते त्यांपासून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. कर्करोगाच्या पेशी मात्र साखरेवर जगणं पसंत करतात, ब्युटिरेट जाळत नाहीत. ते त्यांच्या केंद्रकात साठतं आणि तिथं एचडॅकला अडवतं. इथं रक्तात पोचण्याची अडचणच नाही; माल जिथं तयार होतो तिथंच खपतो. भाकरी किंवा भात गार झाला की त्यातल्या पिठूळ पदार्थाचा काही भाग न पचणारा होतो, म्हणजे शिळ्या भाकरीतूनही जिवाणूंना वाटा मिळतो. तंतुमय आहार घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळतो, हे मोठ्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्याचं सगळं श्रेय ब्युटिरेटला द्यायला मी तयार नाही, पण दुवा पटण्यासारखा आहे.

राहिली दुसरी डबी. तंबाखूही वनस्पतीच, हे आपण सोयीनं विसरतो. निपाणीच्या वखारींवर घरं उभी राहिलीत, तंबाखूच्या दरासाठी १९८१ साली शेतकरी महामार्गावर येऊन बसले होते. पिकावर जगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण जीनच्या गुंडाळीवर माणसांमध्ये ठसठशीत उमटलेला वनस्पतीचा हात बघायचा तर तो तंबाखूचा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १६ हजार लोकांचं रक्त तपासलं होतं. धूम्रपान करणाऱ्यांत हजारो जीनपाशी मिथिलच्या खुणा बदललेल्या होत्या. सोडल्यावर बहुतेक खुणा ५ वर्षांत पूर्ववत झाल्या. काही ३० वर्षांनंतरही गेल्या नाहीत. त्यावर वनस्पतीतलंच काही घेऊन उतारा होईल म्हणावं, तर तेही करून झालंय. फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. हा निकाल १९९४ सालचा.

मावशीला यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. धुराची आकडेवारी मिश्रीला तशीच लावता येत नाही, पण तोंडातला तंबाखूही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटातच, म्हणजे ज्यांच्यामुळं माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांच्यातच आहे, हेही सांगितलं.

"मग हळद सोडू व्हय?"

"हळद नको सोडूस."

तिनं दुसऱ्या डबीकडं बघितलं. "त्येचं नगं बोलूस."

या उन्हाळ्यात गेलो तेव्हा कोनाड्यात हळदीची डबी एकटीच होती. मला बरं वाटलं. चहाला साखर शोधताना दुसरी डबी सापडली, तांदळाच्या डब्यामागं.