चोवीस तासांची लघवी : कॅल्शियमच्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

मूतखड्यासाठी नाहीतर हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी युरिन कॅल्शियम लिहून दिलं की आमच्या दादरच्या लॅबच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला, एकदाच डबीत सॅम्पल देऊन भागत नाही का? चोवीस तास साठवायची म्हणजे कटकट आहे, मान्य आहे. पण लघवीतलं कॅल्शियम दिवसभर सारखं नसतं, जेवणानंतर वाढतं, रात्री उपाशीपोटी कमी होतं, आणि मुंबईच्या घामात पाणी कमी प्यायलात तर लघवी दाट होऊन एका सॅम्पलमधला आकडा उगाच मोठा दिसतो. एका सॅम्पलवरून कॅल्शियम आणि क्रिएटिनिनचं (स्नायूंतून तयार होऊन रोज साधारण सारखंच लघवीतून जाणारं द्रव्य) प्रमाण काढता येतं, मोठ्या माणसात ते 0.2 च्या वर गेलं तर शंका घेतात, लहान मुलांना तर तेच सोयीचं पडतं, पण दिवसभरात नेमकं किती गेलं ते त्यातून कळत नाही. आणि हो, लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर कॅल्शियम मोजलं जात नाही. रुटीन रिपोर्टमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे क्रिस्टल लिहून आले म्हणजे कॅल्शियम वाढलं असंही नाही, ते चांगल्या तब्येतीच्या माणसातही दिसतात.

चोवीस तासांच्या टेस्टमध्ये चूक होते ती बहुतेक वेळा मशीनमध्ये नाही, गोळा करण्यात होते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, रात्रीची सुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची शेवटची पण धरायची. ऑफिसच्या दिवशी लोकलच्या प्रवासात हे जमत नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी करा असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

सगळी लघवी आली का हे आम्ही त्याच कॅनमधल्या क्रिएटिनिनवरून बघतो. बायकांमध्ये दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम, पुरुषांत 20 ते 25, वयस्कर माणसांत स्नायू कमी म्हणून थोडं कमी. समजा 60 किलो वजनाच्या ताईंचं 900 ते 1200 यायला हवं आणि आलं 500, तर जवळजवळ निम्मी लघवी बाहेरच राहिली. अशा वेळी कॅल्शियम दिवसाला 140 मिलिग्रॅम आलं तरी ते नॉर्मल समजू नका, खरा आकडा 250 च्या पुढे असू शकतो, आणि बायकांत 250, पुरुषांत 300 च्या वर गेलं की सहसा जास्त धरतात. म्हणून एखादी वेळ चुकली तर प्लीज सांगा, लाजायचं काही कारण नाही, आम्ही नवीन कॅन देऊ. चुकीच्या आकड्यावर गोळी सुरू होण्यापेक्षा एक दिवस जास्त गेलेला बरा.

खाणं नेहमीचंच ठेवा. टेस्ट आहे म्हणून एक दिवस पथ्य पाळलं तर रिपोर्ट त्या एका दिवसाचा येतो, तुमचा नाही. मिठाचा परिणाम तर लोकांना माहीतच नसतो, 6 ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं की लघवीतून अंदाजे 40 मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त जातं, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण, सुकट यांचा हिशोब इथेच लागतो. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा कॅल्शियमसोबत सोडियमही लिहितात, आणि एकाच रिपोर्टवर न थांबता दुसऱ्यांदा करायला सांगतात, ते पैसे काढायला नाही.

बीपीची थायझाइड गोळी कॅल्शियम कमी दाखवते, लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड गोळी वाढवते, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी थ्रीच्या गोळ्यांनीही फरक पडतो. स्वतःहून काही बंद करू नका, फक्त फॉर्मवर सगळी नावं लिहा.

कॅनमध्ये आम्ही थोडं ॲसिड घालून देतो, नाहीतर कॅल्शियमचा गाळ तळाशी बसतो आणि आकडा कमी येतो. ते ओतून देऊ नका, थेट कॅनमध्ये लघवी करू नका, मगात घेऊन सावकाश ओता, वाफ तोंडावर घेऊ नका, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. युरिक ॲसिड पण लिहिलं असेल तर त्यासाठी वेगळा कॅन मागून घ्या, ॲसिडवाला चालत नाही.